खालच्या मजल्यावरचं काळंभोर

प्राध्यापिकाबाईंनी कागद खिडकीशी नेला, उजेडात धरला, मग चष्मा कपाळावर चढवून अगदी नाकाजवळ आणला आणि म्हणाल्या, "अक्षरं आहेत, नाही असं नाही. पण जरा आजारी वाटताहेत."

थोरलीच्या काळजात चर्र झालं. आजवर तिच्या अक्षरांना कुणी आजारी म्हटलं नव्हतं. टाइपरायटरच्या काळापासून ती वरच्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत टायपिंग, छपाई आणि बांधणीचा उद्योग करत होती. बांधणीचं काम तिच्या यजमानांकडे असायचं. त्यांना सगळे दादा म्हणत. प्राध्यापिकाबाई हे तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्या कॉलेजात शेवाळ शिकवायच्या आणि निवृत्तीला टेकल्यावर त्यांनी शेवाळावरच प्रबंध लिहून काढला होता. आता त्याच्या पाच प्रती हव्या होत्या, कापडी बांधणीत.

"मघाशी येताना तुमच्या जाऊबाईंच्या दारात एक पान बघितलं," प्राध्यापिकाबाई म्हणाल्या. "काय काळंभोर हो! वाचायला लागू नये, नुसतं बघत बसावं. त्यांचा प्रिंटर वेगळा आहे का?"

"नाही. हाच," थोरली म्हणाली. "मीच सांगितलं होतं तिला, हा घे म्हणून."

हे वाक्य उच्चारताना तिच्या जिभेला चटका बसल्यासारखं झालं. दिराचं लग्न झालं, धाकटी जाऊ घरात आली, खालच्या मजल्यावर राहू लागली, इथवर सगळं गोडीगुलाबीचं होतं. पण गेल्या वर्षी धाकटीनेही छपाई सुरू केली. दारावर निळी पाटी लावली, थोरलीच्या पाटीपेक्षा चांगली वीतभर मोठी. आणि घराची रचना अशी, की थोरलीकडे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला धाकटीच्या दारावरूनच जिना चढावा लागे. वर पोचेपर्यंत निम्म्यांचा दम जाई आणि उरलेल्यांची निष्ठा.

"मी संध्याकाळी येते," प्राध्यापिकाबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "पहिलं प्रकरण नीट काळं छापून ठेवा. नाहीतर..."

पुढचं वाक्य त्यांनी जिना उतरता उतरता सोडून दिलं. ते 'नाहीतर' पायरी पायरीने उतरत खालच्या मजल्यावर जाऊन थांबलं, ते थोरलीला स्पष्ट ऐकू आलं.

दादा कोपऱ्यात बसून पुठ्ठ्याला गोंद लावत होते.

"ऐकलंत?" थोरली म्हणाली.

"आजारी म्हणाल्या. मेली नाही म्हणाल्या."

"प्रिंटर तोच. कागद तोच. वीज एकाच तारेतून येते. मग तिचं काळं आणि आपलं राखाडी कसं?"

"टोनर," दादा म्हणाले.

"तेच म्हणतेय मी. आपण कंपनीचं महागडं कार्ट्रिज लावतो. ती कुठलं तरी कंपॅटिबल लावते."

"कंपॅटिबल म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्याच कुणी बनवलेलं, पण आपल्याकडे येऊन चालणारं."

"म्हणजे सुनेसारखं," दादा म्हणाले.

थोरलीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की दादांनी गोंदाचा ब्रश चुकून पाण्याच्या पेल्यात बुडवला.

"अगं, मग सरळ विचार ना तिला. खालीच तर आहे. कुठलं आणतेस, कुठून आणतेस. जाऊ आहे, खाणार आहे का?"

"विचारू? मी? तिला?" प्रत्येक शब्दागणिक थोरलीचा आवाज एकेक पट्टी वर चढला. "मी या धंद्यात होते तेव्हा ही शाळेत पाटी पुसत होती. आणि आता मी जाऊन विचारू, बाई गं, माझं काळं का येत नाही? त्यापेक्षा मी हाताने लिहून देईन पाचही प्रती!"

शेवटी असं ठरलं, की दादांनी स्टेपलर मागायच्या निमित्ताने खाली जायचं आणि हळूच नंबर बघून यायचं.

दादा गेले ते बऱ्याच वेळाने परत आले. मिशीला साखर लागली होती.

"काय कळलं?"

"तिने केक केलाय. मस्त हलका झालाय. तोंडात विरघळतो."

"माझ्यापेक्षा हलका?" थोरलीच्या तोंडून निसटलं. मग तिने स्वतःला सावरलं. "टोनरचं विचारतेय मी!"

"हां. डबा गुलाबी आहे. कपाटाच्या वर होता, म्हणजे त्याचा एक कोपरा होता. बहुतेक तो तोच."

"नंबर?"

"नंबर वाचायला चष्मा लागतो. स्टेपलर मागायला चष्मा लावून गेलो असतो, तर तिला संशय आला असता."

"आणि स्टेपलर?"

दादांनी आपले रिकामे हात पाहिले आणि केकची आठवण होऊन ओठांवरून जीभ फिरवली.

आता हे काम स्वतःच करायला हवं, हे थोरलीने ओळखलं. दुपारी सगळीकडे सामसूम झाल्यावर ती जिन्यामागच्या कचऱ्याच्या डब्याकडे गेली. दादांना जिन्याच्या तोंडाशी उभं केलं होतं. कुणी आलं तर खोकायचं. थोरलीने पदर खोचला, नाक मुठीत धरलं आणि दुसरा हात आत घातला. हाताला काय काय लागलं ते तिने मनावर घेतलं नाही. इतक्यात दादा खोकले. थोरलीने डब्याचं झाकण ढालीसारखं तोंडासमोर धरलं आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. कुणी आलं नाही. दादा पुन्हा खोकले. मग आणखी जोरात, लागोपाठ.

"कोण आहे?" तिने झाकणाआडून दबक्या आवाजात विचारलं.

"कुणी नाही," दादा डोळे पुसत म्हणाले. "खराच आला. केक घशात अडकला होता."

पण कष्टाचं चीज झालं. अगदी तळाशी, चुरगळलेला, गुलाबी डबा हाताला लागला. उजेडात आणून बघितला तर त्यावर जागोजाग काळे डाग, आणि हात लावताच थोरलीची बोटंही काळी झाली. दुसरी एखादी बाई इथेच सावध झाली असती. थोरलीचे डोळे मात्र चमकले.

"बघितलंत? नुसता डबा एवढा काळा, तर आतला माल कसा असेल!"

डब्यावर आकडा होता सत्तर, आणि पुढे इंग्रजी अक्षर एफ. एवढं पाहिल्यावर तिने डबा पोटाशी धरला आणि एखादा दागिना न्यावा तसा पदराखाली झाकून वर नेला.

संगणकाचे सुटे भाग विकणारं दुकान कोपऱ्यावरच होतं. दुकानदार फोन कान आणि खांद्याच्या चिमट्यात धरून एकाच वेळी फोनवरच्या माणसाशी आणि समोरच्या गिऱ्हाइकाशी बोलायचा. त्यामुळे कुठलं वाक्य कुणासाठी आहे, हे ज्याचं त्याने ओळखायचं.

"सत्तर-एफ द्या," थोरली म्हणाली. "कंपॅटिबल. गुलाबी डब्यातलं."

"प्रिंटर कुठला? नाही, नाही, तुम्हाला नाही म्हणालो. बाई, तुम्हाला. प्रिंटर कुठला आहे?"

"तुम्हाला काय करायचंय प्रिंटर कुठला ते? मी मागतेय ते द्या."

"तसं नाही. सत्तर-ए आणि सत्तर-एफ दिसायला जुळी भावंडं, पण एफ मोठ्या प्रिंटरचं असतं. त्याला कडेला एक उंचवटा असतो. लहान प्रिंटरमध्ये घालायला गेलं की..."

"आमच्या घरात वापरतात एफ," थोरली ठामपणे म्हणाली. आमच्या घरात म्हणजे खालच्या मजल्यावर, हे तिने सांगितलं नाही.

"मर्जी तुमची. चिप लागेल ना?"

थोरली ताठ झाली. "चीप? माझा धंदा काल-परवाचा नाही. चीप माल मी दाराच्या आत घेत नाही."

"मग बिनचिपचं," दुकानदार म्हणाला. फोनवरचा माणूसही बहुधा हो म्हणाला असावा, कारण दुकानदाराने समाधानाने मान हलवून डबा पुढे सरकवला.

घरी येऊन तिने जुनं कार्ट्रिज काढलं आणि नवीन बसवायला घेतलं. ते बसेना. एरवी कट्कन आवाज येतो, तो आला नाही. मग दादांनी कोपर लावलं. 'कट्' ऐवजी 'कर्र' असा आवाज आला, पण झाकण लागलं. प्रिंटरने थोडा वेळ विचार केला, आणि त्याच्या छोट्या काचेवर ओळ उमटली: कार्ट्रिज ओळखता येत नाही.

दादांनी वाकून वाचलं. "तुझ्या बाबतीत आईचंही असंच झालं होतं," ते म्हणाले. "पहिली काही वर्षं."

"चिप नाहीये याला!" थोरली कार्ट्रिज ओढून काढत ओरडली. "मेल्याने चिप न लावताच दिलं!"

ती तरातरा परत दुकानात गेली.

"याला चिप कुठाय?"

"तुम्हीच नको म्हणालात."

"मी चीप नको म्हटलं. चिप हवीच आहे."

दुकानदाराने पहिल्यांदाच फोन कानापासून दूर केला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे चिप हवी, पण महाग हवी?"

"चिपवालं द्या!"

त्याने चिपवालं दिलं. देताना पुन्हा एकदा प्रिंटर कुठला असं विचारायला तोंड उघडलं, पण थोरलीची मुद्रा बघून मिटलं.

या खेपेला प्रिंटरने ओळख दाखवली. दादांनी कोपर लावून धरलं होतं, थोरलीने छापायची आज्ञा दिली, आणि पहिलं पान बाहेर आलं. ते काळं होतं. अक्षरं काळी नव्हती, पान काळं होतं. वरपासून खालपर्यंत, कडेपासून कडेपर्यंत, अमावास्येसारखं.

"काळं तर आलंय," दादा चाचरत म्हणाले.

दुसरं पान निम्मं आलं आणि अडकलं. आतून कुणीतरी दात खात असल्यासारखा आवाज येऊ लागला. थोरली म्हणाली, "काढा ते." दादांनी कार्ट्रिज ओढलं. ते येईना. दादांनी एक पाय टेबलाला लावला आणि दोन्ही हातांनी जोर केला. कार्ट्रिज आलं, पण उंचवट्याचा तुकडा आणि झाकणाची पट्टी आतच राहिली, आणि दादा मागच्या खुर्चीत धप्पकन बसले तेव्हा त्यांच्या मांडीवर, बनियनवर, मिशीवर आणि खुर्चीच्या फिकट रंगाच्या उशीवर टोनरची काळी भुकटी सांडत होती. इतकी बारीक, की हवेलाही तिचं वजन वाटू नये.

"हलू नका!" थोरली म्हणाली. दादा शिंकले.

त्यानंतर जे झालं ते खरं तर शहाणपणानेच झालं. म्हणजे त्या क्षणी दोघांनाही ते शहाणपण वाटलं. थोरलीने व्हॅक्यूम क्लीनर आणला आणि दादांच्या हाती दिला. तो पुढून भुकटी ओढून घेत होता यात शंका नव्हती. पण त्याच्या कापडी पिशवीला ती भुकटी फारच बारीक पडत होती. त्यामुळे पुढून ओढलेलं सगळं मागच्या भोकातून इमानेइतबारे बाहेर येत होतं. दादा तोंड पुढे करून साफ करत होते आणि त्यांच्या पाठीमागे काळा ढग छताला टेकत होता.

"बंद करा!" थोरली ओरडली.

"काय?"

"बंद! बंद!"

"दोनदा सांगू नकोस, करतोय की साफ!" असं म्हणत दादांनी वेग वाढवला. ढग खिडकीतून बाहेर पडला आणि सावकाश खाली उतरू लागला.

मग थोरलीने गरम पाणी आणलं. बादलीभर, वाफाळतं. फडकं बुडवून टेबल पुसलं, आणि टेबलावर पसरलेली भुकटी तिच्या डोळ्यांदेखत चकचकीत काळ्या रंगात बदलून लाकडाला घट्ट चिकटली. टोनर उष्णतेनेच चिकटतो, म्हणून तर छापलेली अक्षरं पुसली जात नाहीत, हे थोरली प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला मोठ्या अभिमानाने सांगत असे. आज ते ज्ञान ऐन वेळी तिच्या कामी आलं नाही.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

थोरलीने दार बोटभर उघडलं. बाहेर प्राध्यापिकाबाई उभ्या होत्या.

"झालं का प्रकरण?"

"झालंय. म्हणजे, व्हायला लागलंय."

"तुमच्या नाकाला काय लागलंय?"

"आम्ही काळेपणाचीच चाचणी घेतोय," थोरली म्हणाली. तिच्या मागून दादांची शिंक ऐकू आली.

"बरं, चालू द्या. मी खाली बसते."

"खाली?"

"मग काय जिन्यात उभी राहू? तुमच्या जाऊबाई मघाशी म्हणतच होत्या, केक खाऊन जा म्हणून."

दार लावून थोरली भिंतीला टेकली. डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. प्राध्यापिकाबाई खाली बसल्या आहेत, हातात केकची बशी आहे, भोवती काळीभोर पानं मांडली आहेत, आणि धाकटी गोड आवाजात म्हणते आहे, आणखी एक तुकडा घ्या ना. हातातलं फडकं तिने इतकं पिळलं, की ते कोरडं झालं.

पण थोड्याच वेळात पुन्हा घंटा वाजली, आणि या वेळी धाकटीच होती. हातात पांढरी चादर. म्हणजे दुपारपर्यंत पांढरी असलेली.

"वहिनी, तुमच्याकडे काही जळलं का? चादर वाळत घातली होती, तर बघा ना काय झालं." आणि मग तिची नजर आत गेली. छत, भिंत, टेबल, दादा. तिचं लक्ष टेबलाकडे जातंय हे पाहताच थोरली झटकन मागे सरकली आणि तिथे पडलेल्या गुलाबी डब्यावर बसली.

धाकटीने मान तिरकी करून खाली पाहिलं.

"वहिनी, तुम्ही एफ आणलंत?"

"कोण म्हणालं?"

"अहो, तुमच्या खालून गुलाबी दिसतंय."

थोरली उठली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मग काय करू? तुझी अक्षरं काळी, माझी आजारी. तू वापरतेस ते मी वापरलं तर बिघडलं कुठे?"

"मी वापरते?" धाकटीचे डोळे मोठे झाले. "अहो, त्या एफने माझं अख्खं कपाट बरबटलं! एकदा लावलं आणि दुसऱ्या दिवशी फेकून दिलं. मी आपलं साधं सत्तर-ए लावते नेहमी, तेही गुलाबीच डब्यात येतं. पण एफचं तुम्हाला कळलं कसं? मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं. डबासुद्धा पार तळाशी..."

ती थांबली. तिने थोरलीच्या हाताकडे पाहिलं, मग दादांकडे. दादा खोकले. या वेळी तो खोकला केकचा नव्हता.

शरमेने थोरलीचं तोंड लाल झालं असणार. भुकटीमुळे ते दिसलं नाही इतकंच. काहीतरी उलटं विचारायचं म्हणून तिने विचारलं, "मग तू तरी ते भलतंच कशाला आणलंस?"

आता चादरीचं टोक बोटाभोवती गुंडाळण्याची पाळी धाकटीची होती.

"तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"तुमचं एक कार्ट्रिज संपता संपत नाही, वहिनी. माझं म्हणजे आज लावलं की उद्या हलवायची वेळ. मला वाटायचं, तुम्ही कुठून तरी खास आणता आणि मला सांगत नाही. दादा आले की मी दर वेळी विचारते. मुद्दाम काही खायला करून ठेवते. ते खातात आणि म्हणतात, आमचं असंच जातं. म्हणून मग जास्त पानं निघतात असं कुणीतरी सांगितलं, तर ते एफ आणून बघितलं."

थोरलीच्या डोक्यात आता प्रकाश पडला. म्हणजे गेलं वर्षभर ही बाई खालच्या मजल्यावर बसून तिच्यावर जळत होती! आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. केवढा आनंद फुकट गेला होता! तो भरून काढायचा म्हणून ती मिनिटभर नुसती धाकटीकडे मायेने बघत राहिली.

"आधी हे आवरू या," धाकटी म्हणाली. तिला अनुभव होता. तिने व्हॅक्यूमची वायर उपटली, गरम पाणी मोरीत ओतलं, कोरडी फडकी मागितली, वरून गार पाण्याचा हलका हात फिरवला. दादांना तिने गच्चीत नेऊन उभं केलं आणि झटकलं. मग प्रिंटरचं झाकण उघडून बारीक चिमट्याने आत अडकलेला तुकडा काढला आणि विचारलं, "तुमचं जुनं कार्ट्रिज आहे ना? तेच लावा."

"त्यात काही राम नाही गं. फिकं येतं ते."

"लावून तर बघा."

जुनं कार्ट्रिज कट्कन बसलं. पान आलं. नेहमीसारखंच, आजारी. धाकटीने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. कपाळाला आठी घातली आणि खुर्ची ओढून ती थोरलीच्या संगणकासमोर बसली. आपल्या खुर्चीत, आपल्या पडद्यासमोर, आपल्या जावेला बसलेलं बघताना थोरलीने खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली. धाकटीने एक खिडकी उघडली, तिच्या आत दुसरी, आणि बोट एका चौकोनावर टेकवलं. चौकोनात बरोबरची खूण होती. पुढे लिहिलं होतं, टोनर बचत.

"वहिनी, ही तुम्ही केली?"

"मी कशाला करू? मला तर असं काही असतं हेच माहीत नाही."

दोघींनी एकदमच दादांकडे पाहिलं. दादा छताकडे बघत होते. तिथे बघण्यासारखं आज पुष्कळ होतं.

"प्रिंटर आणला त्या दिवशी यानेच विचारलं होतं," ते म्हणाले. "बचत करायची का, असं. आता बचतीला माणूस नाही कसं म्हणेल?"

धाकटीने खूण काढली आणि पान छापलं. जे पान बाहेर आलं त्याच्याकडे तिघंही नुसती बघत राहिली. खालच्या मजल्यावरचं काळंभोर, वरच्या मजल्यावर. तेच कार्ट्रिज, तोच कागद. शेवाळाच्या नावातलं प्रत्येक जोडाक्षर असं ठसठशीत उभं होतं, की जणू दगडात कोरलं आहे.

थोरलीला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदात एक खडा होता: हे शोधलं धाकटीने. आणि तो खडा जिरतो न जिरतो तोच प्राध्यापिकाबाई केक संपवून वर आल्या, आणि धाकटीने ते पान त्यांच्या पुढे धरलं.

"बघा, वहिनींनी कसं सुंदर छापलंय!"

स्वतःचं नावही घेतलं नाही! अक्षरं काळी होती, केक हलका होता, ते एक वेळ सोसलं असतं. पण आता चांगुलपणातही खालचा मजला पुढे? हे मात्र थोरली चालू देणार नव्हती.

"छे हो," ती म्हणाली, "हे सगळं हिचंच. हिनेच दुरुस्त केलं."

"वहिनींचंच आहे. कार्ट्रिज त्यांचं."

"पण डोकं तुझं."

"प्रिंटर तुम्ही निवडलेला!"

"खूण तू काढलीस!"

"नाही, तुमचंच म्हणते ना मी!"

"मी सांगते ना तुझंच आहे! मोठ्यांचं ऐकायचं असतं!"

आवाज असे चढले, की दादांनी घाईघाईने खिडकी लावून घेतली. शेजाऱ्यांना वाटलं असतं, दोघी जावांची अखेर जुंपली.

"कुणाचं का असेना," प्राध्यापिकाबाई कानात बोट घालत म्हणाल्या, "मला पाच प्रती हव्यात."

तीन प्रती वर छापल्या गेल्या आणि दोन खाली. धाकटी दर प्रकरणानंतर एक पान घेऊन वर येई, थोरली एक पान घेऊन खाली जाई, आणि दोघी ती पानं शेजारी शेजारी धरून बघत. दोघींनाही मनातून आपलंच अधिक काळं वाटे आणि दोघीही तोंडाने दुसरीचं म्हणत. दादांनी बांधणी केली. कापड ताणून बसवलं, कोपरे असे दुमडले, की सुरीची धारही आत शिरू नये. पाचही प्रती एका ओळीत उभ्या केल्यावर कुठली वरची आणि कुठली खालची, हे कुणालाही सांगता आलं नसतं. त्या दोघींनाही नाही, आणि त्याची चुटपुट दोघींनाही लागली.

बरेच दिवस गेले. एका सकाळी प्राध्यापिकाबाई जिना चढून आल्या. येताना त्यांनी धाकटीलाही वर बोलावून घेतलं. आता त्या डॉक्टर झाल्या होत्या, ही बातमी कॉलेजातून आधीच आली होती. पण चेहरा असा, की कुणी पदवी दिली नाही, काढून घेतली आहे.

"अभिनंदन!" दोघी जावा एका सुरात म्हणाल्या.

"हं," प्राध्यापिकाबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

"काय झालं? तोंडी परीक्षेत काही अवघड विचारलं का?"

"बाहेरून मोठे तज्ज्ञ आले होते. शेवाळातलं त्यांना कळतं तेवढं कुणाला कळत नाही म्हणतात. मी रात्र रात्र तयारी केली होती. त्यांनी माझा प्रबंध उघडला, पानं उलटली, एका पानावर थांबले, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, वा! मला वाटलं, ओल्या भिंतीवरच्या जातींचं वर्गीकरण आवडलं. मग त्यांनी मान वर केली आणि पहिला प्रश्न विचारला."

"कुठला?"

"छपाई कुठे केलीत?"

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं.

"मी म्हटलं, असू दे, दुसरा तरी शेवाळाचा असेल. दुसरा प्रश्न, बांधणीही तिथेच होते का?"

दादांनी कोपऱ्यात बसल्या बसल्या मिशीवरून हात फिरवला.

"अर्धं आयुष्य मी दगडाधोंड्यांवर ओणवी होऊन शेवाळ खरवडत काढलं. गुडघे गेले, चष्म्याचा नंबर वाढला. आणि तो माणूस प्रबंध उजेडात धरून बाकीच्या परीक्षकांना दाखवतोय, बघा बघा, अक्षर कसं उठलंय! मग सगळे बघायला लागले. निघताना त्यांनी पत्ता लिहून घेतला. माझा नाही. तुमचा."

थोरलीने दुःखी चेहरा करायचा फार प्रयत्न केला. ओठांची टोकं तिने महत्प्रयासाने खाली ओढून धरली होती. शेजारी धाकटी पदराचं टोक तोंडाशी धरून उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती रडत असावी, असं कुणालाही वाटलं नसतं.

प्राध्यापिकाबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग पिशवीत हात घालून कागदांचा एक नवा, जाडजूड गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला.

"हा दुसरा भाग आहे, आता पुस्तकासाठी. तेच परीक्षक वाचणार आहेत," त्या म्हणाल्या. "या खेपेला जरा फिकटच छापा."